रस्त्यापलीकडची भूक

"वहिनी, काय मनापासून जेवते हो तुमची पोरगी! बघत राहावंसं वाटतं."

शिंपीणबाई फाटकात उभी राहून हे म्हणाली. हातात तिची नेहमीची टोपली होती, तडकलेली अंडी न्यायला आणलेली. मी तेव्हा मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरत होते. उन्हाचा कहर चालला होता. शेडचा पत्रा दुपारी असा तापायचा की खाली उभं राहवत नसे, आणि सकाळी उठून पहिलं काम काय, तर रात्रीत मेलेल्या उचलायच्या. एका हातात पोतं, दुसऱ्या हातात कोंबडीचे पाय, आणि ही बया मला माझ्याच पोरीचं कौतुक सांगत होती.

"कुठे जेवते?" मी विचारलं.

"अहो, माझ्याकडे! शिवण शिकायला येते ना दुपारची. मी जेवायला बसले की तिलाही म्हणते, बस गं. दुसऱ्यांदा भात मागून घेते, गुणाची आहे हो."

मी हसले. दुसरं काय करणार? तिला अंडी काढून दिली, टोपलीत नीट गवत घालून दिलं. ती रस्ता ओलांडून तिच्या दारात शिरेपर्यंत मी बघत राहिले, आणि मग पोतं असं आपटलं की आतली पिसं वर उडाली.

माझी पोरगी चौदा वर्षांची. अंगाने इतकी वाळकी की अंडी भरायला येणारे ट्रकवाले तिला काडी म्हणायला लागले आणि मग सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. घरात तिचं जेवण म्हणजे ताटात भात इकडून तिकडे सरकवायचा, चार घास कसेबसे गिळायचे आणि "झालं माझं" म्हणून उठायचं. माझ्या हातचं तिला उतरत नव्हतं. आणि रस्ता ओलांडला की दुसऱ्यांदा भात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंपीणबाईला मूलबाळ नाही, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. मशीन आहे, दोन खोल्या आहेत, वर पंखा आहे. बाकी काय आहे तिच्याकडे? माझी पोरगी तिला मावशी म्हणते. मला बहीण नाही. मग ही कुठली मावशी?

दुपारी आमचे हे जेवायला बसले. आमचं घर म्हणजे पोल्ट्रीच्या मालकाने दिलेली, शेडच्या टोकाला लागून असलेली एक खोली, तिच्यात चूल आणि खाट. हे नेहमी आधी जेवतात, कारण जेवून त्यांना पुन्हा पत्र्यावर पाणी मारायला चढायचं असतं. त्यांना गरम गरम वाढायचं, मग काडीला, आणि मग मला जे राहील ते मी कधीतरी खायचे. कधी पातेलं खरवडून, कधी उभ्याउभ्या ओट्यापाशी, कधी नाहीच. भूक लागली की मी कोरा चहा घेते. चहाने भूक मरते, काम होतं. माझी आईही तेच करायची. काडीलाही तो आवडायचा. दूध घालून दिलं तर प्यायची नाही, म्हणायची, तुझ्यासारखाच दे.

त्या दिवशी मी ट्रकसाठी भरलेल्या ट्रेमधून दोन अंडी उचलली. तडकलेली नव्हेत, चांगली, मोठी. उकडली, सोलली, मीठ लावलं आणि काडीच्या ताटात ठेवली.

"खा."

ती ताटाकडे बघत राहिली. मी कमरेवर हात ठेवून समोर उभी होते.

"भूक नाही गं."

"तिकडे लागते वाटतं?"

ह्यांनी मान वर केली, परत खाली घातली. नवऱ्यांना अशा वेळी घास चावणं बरोबर सुचतं.

"काय करते गं तुझी मावशी एवढं? सोन्याची डाळ शिजवते की काय?"

"डाळभातच असतो," काडी म्हणाली. "आणि कधी अंडं."

"कसलं अंडं?"

"आपलंच. तडकलेलं."

घ्या! म्हणजे माझी कोंबडी, माझं अंडं, माझीच पोरगी, आणि नाव मात्र तिचं. मला इतकं झोंबलं की तिथल्या तिथे मी सांगून टाकलं, "उद्यापासून शिवण बंद. सुट्टी आहे तर शेडमध्ये हात लाव. माणसं कमी आहेत."

काडीने एक अंडं अर्धं खाल्लं, ते पण पाण्याबरोबर गोळी गिळावी तसं. उरलेलं दीड ह्यांनी संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून काडी माझ्याबरोबर शेडमध्ये आली. काम काही कमी नव्हतं. जाळीला बाहेरून गोणपाटं टांगलेली, ती सारखी भिजवत ठेवायची. पाण्याची भांडी घासून गार पाणी भरायचं, कारण पाणी कोमट झालं की कोंबडी चोच बुडवत नाही. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी घालायचं, भर उन्हात नाही. कोंबडीची मर्जी राखावी लागते हो, माणसाची राखत नसू इतकी. एखादी अगदीच मान टाकून बसली की तिला कोपऱ्यातल्या वेगळ्या जाळीत ठेवायचं आणि तिच्याजवळ एक खादाड सोडायची. आमच्याकडे एक तांबडी होती, भस्म्या झाल्यासारखी खायची. तिचं भांड्यात टकटक सुरू झालं की मरायला टेकलेली सुद्धा डोळा उघडायची, मान लांब करायची आणि एक दाणा उचलायची. एक उचलला की मग दुसरा. काडीला हे काम फार आवडायचं. तांबडीला काखेत घेऊन ती शेडभर हिंडायची.

पण तिचं स्वतःचं काय? सकाळी माझ्याबरोबर कोरा चहा. दुपारी ताटातला भात सरकवायचा. पाणी तर नाहीच. संडास मालकाच्या कचेरीच्या मागे, तिथवर जायचं म्हणजे सगळं अंगण ओलांडायचं, आणि अंगणात ट्रकवाले पत्ते कुटत बसलेले. बाई चालली की पत्ते हातातच राहतात त्यांचे. म्हणून मी सकाळी उठल्यावर पिते तेवढंच पाणी, मग एकदम रात्री अंगण रिकामं झाल्यावर. वर्षानुवर्षं तसंच आहे, अंगवळणी पडलंय. काडीही तशीच. शाळेत पाण्याची बाटली भरलेली न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. मला उलट कौतुक वाटायचं की पोरगी शहाणी आहे, न सांगता समजतं.

चार-पाच दिवस गेले असतील. दुपारची वेळ. मी शेडमध्ये पाण्याची भांडी भरत होते, काडी मागून बादली आणत होती. बादली पडल्याचा आवाज आला. मी न बघताच ओरडले, "हात मोडलेत का गं?" उत्तर आलं नाही. वळून बघते तर पोरगी चिखलात आडवी, डोळे पांढरे केलेले, आणि कोंबड्या तिच्या अंगाभोवती सांडलेलं पाणी पीत होत्या.

ह्यांनी पत्र्यावरून अक्षरशः उडी मारली. तिला उचललं तेव्हा म्हणाले, "अगं, हिच्यात वजनच नाही काही." ते वाक्य अजून माझ्या कानात बसलेलं आहे.

दवाखान्यातल्या नर्सने डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, सलाईनची बाटली लावली. "रक्त नाही हिच्यात. पाणी पीत नाही का ही? घरी खाते काय?"

"सगळं खाते," मी म्हटलं.

काडी खाटेवरून माझ्याकडे बघत होती. त्यावरूनच नर्स समजली असावी. म्हणाली, "खाऊ घाला हो बाई. पोरी या वयात वाढतात. आता नाही खाल्लं तर कधी खाणार?"

जशी काही मी ताट हिसकावून घेत होते!

घरी आणलं तर दारात शिंपीणबाई हजर. हातात झाकणाचा डबा. तिने काडीच्या कपाळावर हात ठेवला, तिच्या केसांतला वाळलेला चिखल नखाने काढला, आणि काडीने तिच्या कमरेला मिठी मारली. माझ्या देखत. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

"भाऊ, एक बोलू का?" शिंपीणबाई ह्यांना म्हणाली. मला नाही. "शाळा सुरू होईपर्यंत राहू दे तिला माझ्याकडे. तुम्हा दोघांना या उन्हात श्वास घ्यायला फुरसत नाही. माझ्याकडे पंखा आहे. खाईल, पिईल. समोरच तर आहे, कुठे परगावी नेतेय?"

"माझ्या पोरीला पोसायला मी आहे," मी म्हटलं.

"तसं नाही हो वहिनी..."

"कसं आहे ते मला कळतं. स्वतःचं नाही म्हणून दुसऱ्याचं ओढायचं, असं आहे."

बोलून गेले. शिंपीणबाईचं तोंड पडलं. तिने डबा चुलीपाशी ठेवला आणि गेली. ह्यांनी मला एवढंच म्हटलं, "जिभेला हाड नाही तुझ्या." मग थोड्या वेळाने खाटेवर बसून, काडीकडे न बघता म्हणाले, "मी शिंपीणबाईला हो सांगणार आहे. रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जाईल. तोवर इथे खाल्लं पोरीने, तर इथेच राहील. मला पोरगी जिवंत पाहिजे. कोणाच्या घरात, ते मला माहीत नाही."

हे असं कधी बोलत नाहीत.

त्या दिवसांत मी काय नाही केलं? दूध आणलं. साखर घातली. भाजीत तेल सोडलं. समोर बसून, उभं राहून, रागावून, गोंजारून, "एक घास माझ्या नावाचा" म्हणून. बारकी असताना जे केलं नाही ते सगळं केलं. काडी बिचारी प्रयत्न करायची. घास तोंडात घ्यायची आणि माझ्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि घास गालातच राहायचा. शनिवारी तर ताट पुढे सरकवून म्हणाली, "आई, तू खा ना हे." मी म्हटलं, "माझं काय घेऊन बसलीस? तू खा." तिने ताट झाकून ठेवलं. खुंटीला तिची पिशवी ह्यांनी आधीच टांगली होती, दोन फ्रॉक आणि कंगवा घालून. येता-जाता ती पिशवी माझ्या डोक्याला लागायची.

रविवारी सकाळी मी काडीला म्हटलं, "तिचा डबा देऊन ये. लगेच ये."

लगेच कसली येते! ऊन डोक्यावर आलं, हे जेवून पत्र्यावर चढले तरी हिचा पत्ता नाही. मी पदर खोचला आणि रस्ता ओलांडला. मनात सगळी वाक्यं तयार होती, धार लावून. शिंपीणबाईचं दार ओढलेलं होतं. खिडकी उघडी होती. मी हाक मारणार, तेवढ्यात आतून भांड्यांचा आवाज आला आणि मी पडद्याआड थांबले. खोटं कशाला बोलू, चोरासारखीच थांबले.

आत दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये भाताचं पातेलं, डाळीचं पातेलं. ताटं दोन, दोन्ही भरलेली. मी काडीकडे बघायला गेले होते, पण माझी नजर राहिली त्या बाईवर. काय जेवत होती! मांडी घालून, ऐसपैस. भात कालवायची, मोठा घास करायची, डोळे मिटून चावायची. बोटं चाटायची. "मीठ बरोबर पडलंय आज," असं स्वतःच स्वतःला म्हणायची आणि पुन्हा वाढून घ्यायची, कोणी आग्रह न करता, स्वतःच्या हाताने. मग तांब्या उचलून तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायली, गळा वर-खाली होताना दिसत होता. हातातला तांब्या तिने न बघता पुढे केला. काडीने घेतला, आणि माझी काडी घटाघटा पाणी प्यायली. मग पातेल्यात हात घालून तिने दुसऱ्यांदा भात घेतला.

शिंपीणबाईने तिच्याकडे बघितलंही नाही. ती आपली जेवत होती.

मी परत आले. धार लावलेली वाक्यं तशीच राहिली. मला राग आला होता, पण कशाचा ते धड सांगता येईना. असं बसून जेवायला मिळतं त्या बाईला! असं, तब्येतीत, दिवसाढवळ्या, कोणी हाक मारेल याची भीती नाही. इतका मत्सर मला तिच्या पंख्याचाही कधी वाटला नव्हता.

काडी आली ती खालमानेने, मी ओरडेन म्हणून. मी ओरडले नाही. संध्याकाळचं खाद्य घालायचं होतं. कोपऱ्यातल्या जाळीत एक पांढरी मान टाकून बसली होती. काडी म्हणाली, "आई, तांबडी सोडू का?"

"सोड."

तांबडी आत गेली आणि पांढरीकडे ढुंकून न बघता भांड्यावर तुटून पडली. टकटक, टकटक. काडी जाळीपाशी उकिडवी बसून बघत होती. मी तिच्या मागे उभी राहून विचारलं, सहज विचारावं तसं, "तिकडे काय असतं गं एवढं, जे इथे नाही?"

ती जाळीकडेच बघत म्हणाली, "तिथे मावशी जेवते."

"म्हणजे? आणि मी काय हवेवर जगते?"

"तू जेवताना मी कधी बघितलंच नाही, आई."

मी तोंड उघडलं. चांगलं खडसावून सांगणार होते, की अमक्या दिवशी नाही का आपण बसलो होतो, तमक्या दिवशी नाही का. आठवून बघितलं. तिच्या बारशापासून आजपर्यंत आठवून बघितलं. एक दिवस सापडेल तर शपथ.

"तू नुसती बघत उभी राहतेस," काडी म्हणाली. "मग मला वाटतं, मी खाल्लं तर तुला काय उरणार?"

जाळीत पांढरीने मान वर केली होती.

हे शेडमधून आले, हातपाय धुतले आणि खाटेवर बसले. शिंपीणबाई दिवे लागायच्या सुमारास यायची होती. पिशवी खुंटीवर होती. मी भात उतरवला, डाळ उतरवली, अंडी सोलली. ताटं काढली. हे हात पुढे करून बसले, नेहमीप्रमाणे.

मी पहिलं ताट काडीपुढे ठेवलं. दुसरं तिच्या समोर ठेवलं आणि त्या दुसऱ्यापुढे मीच बसले.

"आणि मला?" हे म्हणाले.

"पातेलं तिथे आहे. हात आहेत ना?"

ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काडीकडे. मग खरंच उठले, शोधून शोधून एक ताट काढलं, आणि अर्धी डाळ जमिनीवर सांडत वाढून घेतली. काडीला हसू आलं, ते तिने तोंडावर हात ठेवून दाबलं.

मला बसताच येईना. गुडघे कुठे ठेवायचे, पाठ कुठे टेकवायची? भरलं ताट समोर घेऊन बसायचं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटत होतं. भात कालवला. गरम होता. इतका गरम भात मी शेवटचा कधी खाल्ला, देव जाणे. पहिला घास घशात अडकला. काडी माझ्याकडे टक लावून बघत होती, घास हातात तसाच धरून. मग मला पडद्याआडून बघितलेली ती बाई आठवली आणि माझं डोकं तापलं. तिला जमतं आणि मला जमत नाही? मी मोठा घास केला, भरला तोंडात, आणि चावला. मीठ कमी पडलं होतं. मी हात लांब करून मीठ घेतलं, अंडं फोडलं, अर्धं भातात कुस्करलं आणि बोटं चाटली. मुद्दाम, आवाज करून.

काडीने घास तोंडात घातला. चावला. गिळला.

मी तिच्याकडे बघितलं नाही. मोठ्या मुश्किलीने बघितलं नाही. ताटात डोकं घालून जेवत राहिले आणि कान मात्र तिच्या ताटाकडे होते. भात कालवल्याचा आवाज. अंड्याचं कवच राहिलं होतं, ते दाताखाली आल्याचा आवाज. मग ताटाला बोट घासल्याचा. मी पातेल्यातून पुन्हा भात घेतला, स्वतःला, आणि वाढायचा डाव न बघता पुढे केला. तो माझ्या हातातून घेतला गेला.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. "वहिनी? काडी तयार आहे का हो?"

ह्यांनी खुंटीवरच्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काडीचा हात थांबला.

"सांगा त्यांना," मी म्हटलं, "आम्ही दोघी जेवतोय म्हणावं."

हे उष्ट्या हाताने उठून बाहेर गेले. बाहेर काहीतरी हळू बोलणं चाललं होतं. शिंपीणबाई हसल्यासारखं वाटलं. हसली असेल. मला ती अजूनही आवडत नाही.

मी काडीकडे जरा वाकले आणि आवाज खाली आणून विचारलं, "काय गं, जेवताना ती पाणी किती पिते?"

"एक तांब्या," काडी म्हणाली. तिचं तोंड भरलेलं होतं. "कधी कधी दोन."

बाहेर अंगणात ट्रकवाल्यांचे पत्ते अजून चालले होते. मी पेला पुढे सरकवला.

"ओत मग. आणि तुझ्यातही ओत. जायचं तेव्हा दोघी जाऊ."